पायाखालचे दोन मिलिमीटर

एखाद्या पादचारी पुलावर किंवा स्कायवॉकवर रंगाचा पोपडा निघालेला दिसला, तर तो उचलून उलटा करून पाहा. खालची बाजू स्वच्छ, चकचकीत असेल तर तो थर काँक्रीटला कधी धरलाच नव्हता. लावताना खाली ओल तरी असणार, नाहीतर धूळ. खालच्या बाजूला करडी भुकटी लागून आली असेल तर थर धरला होता, पण ज्याला धरला तेच कच्चे होते. आणि खडीचे दाणे घेऊन काँक्रीटचा टवकाच निघाला असेल, तर लेप बिचारा शाबूत आहे, काँक्रीटने मान टाकली आहे. तीन पोपडे, तीन वेगळी निदाने. आपल्याकडे मात्र तिन्हींवर उपाय एकच होतो : वरून आणखी एक हात मारणे.

मुळात काँक्रीटला लेप हवाच कशाला? दिसायला दगड असले तरी काँक्रीट सच्छिद्र असते. कालवताना घातलेल्या पाण्यापैकी सिमेंटला जेवढे लागते तेवढे ते घेते, उरलेले उडून जाते आणि मागे बारीक वाटा राहतात. आतल्या सळयांना संरक्षण मिळते ते सिमेंटच्या अल्कधर्मीपणाचे. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या वाटांनी आत शिरतो, चुन्याचे कार्बोनेट करतो आणि सामू नऊच्या खाली आणतो. पापुद्रा गेला की गंज सुरू. समुद्रकाठी क्लोराइड तर सामू उतरण्याचीही वाट पाहत नाही, थेट पापुद्र्याला भोक पाडते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती तो आतून काँक्रीट फोडून मिळवतो.

या सगळ्या रसायनाला पाणी लागते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात पादचाऱ्यांचा भाग नेहमी सडपातळ बांधलेला : स्लॅब पातळ, सळयांवरचे काँक्रीटचे आवरण कमी, आणि देखभालीत नंबर शेवटचा. 3 जुलै 2018 च्या सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा जो भाग भर पावसात रेल्वेमार्गावर कोसळला, तो पदपथाचा होता. अशा दुर्घटनांना एकच कारण कधी नसते आणि लेप लावला असता तर पूल वाचला असता, असा दावा कोणी करू नये. पण आपण पाऊल कशावर ठेवतो याकडे शहराचे लक्ष नसते, एवढे त्या दिवशी दिसले.

गच्ची गळू लागली की आपल्याकडचा जुना इलाज म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. काम दांडगे आणि नीट केले तर टिकाऊ, ऊनही बरेच अडवते. पण चार-साडेचार इंच कोब्याचा भार दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो. पादचारी पुलावर किंवा भिंतीबाहेर काढलेल्या सज्ज्यावर तो टाकणे म्हणजे आजाऱ्याच्या पाठीवर पोते देणे. तिथे पॉलिमरचा दीड-दोन मिलिमीटरचा लेप लागतो. वजन चौरस मीटरला दोन-तीन किलो. बहुधा खाली इपॉक्सीचा प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेनचा लवचीक थर, त्यात वाळू आणि सर्वांत वर उन्हाला टिकणारा शेवटचा हात. हा शेवटचा हात पैसे वाचवायला गाळला की काय होते, ते पिवळट पडून खडूसारखी पूड सोडणाऱ्या मार्गिका सांगतात. स्वस्त पॉलियुरेथेनच्या रेणूत बेंझीनची कडी असते आणि अतिनील किरण तिलाच धरतात. कडी नसलेला प्रकार महाग, म्हणून तो फक्त वर, पातळ.

पॉलियुरेथेनची रसायनकृती जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 मध्ये शोधली. त्यातला आयसोसायनेट हा घटक मोठा तापट. दुसऱ्या घटकाशी जोडला जाऊन रबरासारखी साखळी तयार करायची, हे त्याचे काम. पण वाटेत पाणी भेटले तर तो पाण्याशीच जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. गादीचा फोम फुगवायला हीच अभिक्रिया वापरली गेली आहे. गादीत हवा तो बुडबुडा पुलावरच्या लेपात शिरला की मात्र टाचणीएवढे भोक राहते, आणि पाण्याला तेवढे पुरते.

म्हणून या कामातला खरा तंत्रज्ञ डबा उघडण्याआधी ओळखू येतो. आधी ग्राइंडर फिरतो, कारण काँक्रीट ओतल्यावर पाण्याबरोबर वर आलेली सिमेंटची भुसभुशीत साय खरवडल्याशिवाय काहीच धरत नाही. मग धूळ ओढून घ्यायची. पाण्याने धुऊन नव्हे, व्हॅक्यूमने. मग ओल. सर्वसाधारण नियम असा की वरच्या थरातले पाणी वजनाच्या चार टक्क्यांखाली हवे आणि नवे काँक्रीट किमान 28 दिवसांचे. मीटर नसेल तर एक सोपी, जगभर मान्य असलेली चाचणी आहे : सुमारे दीड फूट चौरसाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करून किमान सोळा तास ठेवायचा. खालून दव धरले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर काम थांबवायचे.

काँक्रीट कोरडे आहे, पाऊस नाही, तरीही काम बिघडते ते दवबिंदूमुळे. काँक्रीटचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल त्यावर बसते. मुंबईचे आकडे घालून पाहा. मे महिन्यात 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो 26 अंशांजवळ. काँक्रीट 29 च्या वर हवे, म्हणजे दुपारी जमेल, पहाटे धोका. जुलैत 27 अंश आणि 95 टक्के आर्द्रता : दवबिंदू पुन्हा 26 च्याच आसपास, आणि काँक्रीट जेमतेम 27. त्या दिवशी जगातला कोणताही डबा उघडू नये. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी 30 अंश आणि 45 टक्के असेल तर दवबिंदू 17 पर्यंत उतरतो. मग हवा तेवढा वेळ आहे.

आणखी एक बारकावा, जो चांगले मुकादम अनुभवाने जाणतात. सकाळी ऊन चढताना प्रायमर मारला तर काँक्रीटच्या छिद्रांतली हवा तापून फुगते, वर येते आणि ओल्या लेपात फोड उठतात. दुपार कलल्यावर, काँक्रीट निवू लागले की तीच हवा आकसते आणि प्रायमर आत ओढला जातो. तेच मजूर, तोच माल; फक्त तास वेगळा. पण उतरत्या उन्हात सुरू केलेले काम दव पडायच्या आत सुकायलाही हवे, त्यामुळे हाताशी उरतात ते दिवसाचे थोडेच तास. घाईच्या कंत्राटात ते कोणाला परवडत नाहीत.

आता पायाचे. पाणी अडवणारा पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका पावसात घातक. टाच टेकते तेव्हा तिच्याखालचे पाणी बाजूला जायला क्षणभर लागतो. तेवढ्यात वजन वर आले तर माणूस जमिनीवर नसतोच, पाण्याच्या पातळ थरावर असतो. वाळू टाकतात ती यासाठी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे क्वार्ट्‌झचे दाणे ओल्या लेपावर भरपूर फेकायचे, सुकल्यावर सुटे झाडून काढायचे. उरलेली टोके पाण्याचा थर भेदून तळव्याला भिडतात. पकड मोजायला लंबकाची चाचणी आहे : रबराचा तुकडा लावलेला हात झोक्याने ओल्या पृष्ठभागाला घासून जातो आणि पलीकडे किती वर चढला त्यावरून आकडा मिळतो. 36 किंवा अधिक आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. आपल्या किती स्थानकांवरच्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या ओल्या असताना या परीक्षेत उतरतील, याची मला शंकाच आहे.

लेपाकडून अशक्य ते मागू नये, हेही खरे. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे सुमारे दहा मायक्रॉन वाढते. तीस मीटरच्या पुलावर वीस अंशांचा फरक पडला की सहा मिलिमीटरची हालचाल झाली. तिच्यासाठी मुद्दाम सोडलेल्या सांध्यावरून लेप सरळ ओढून नेला, तर तो तिथे फाटणार, कितीही लवचीक असो. तसेच ढाळाचे. मीटरला सेंटिमीटरभर ढाळ आणि मोकळे पन्हाळे नसेल तर डबके साचते, शेवाळ धरते आणि वाळूची टोके त्याखाली बुडून जातात. ढाळ चुकलेला असेल तर आधी तो दुरुस्त करावा. लेप ही गवंड्याच्या चुकीची भरपाई नाही.

तुमच्या सोसायटीच्या पोडियमचे, गच्चीवरच्या वाटेचे किंवा वॉर्डातल्या पुलाचे असे काम निघाले, तर दहा वर्षांच्या हमीचा कागद नंतर पाहा. आधी ओलीचा आकडा मागा, त्या दिवसाच्या दवबिंदूची नोंद मागा. लेपावर धातूची चकती चिकटवून ती ओढून काढण्याची चाचणी मागा. वर्दळीच्या लवचीक लेपाला युरोपीय मानक सरासरी दीड मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पंधरा किलोची पकड मागते. आणि सभा एप्रिलमध्ये घेऊन मेअखेर काम उरकण्याची पद्धत मोडा. ठराव दिवाळीपूर्वी करा, काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. दर तोच राहील, कदाचित थोडा उतरेलही, कारण तेव्हा कंत्राटदारांना घाई नसते.