गाईडस्कोप मोठा नको, घट्ट हवा

धान कापून झालं आणि थंडी पडली, की गोंदिया जिल्ह्यातलं आकाश छायाचित्रणासाठी सर्वांत चांगलं असतं. नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, सालेकसा, देवरी या बाजूला शहराचा उजेड मागे पडतो. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार ही पूर्व विदर्भाची दौलत आहे, हे त्यामुळे सगळ्यांना कळलं. या दौलतीचा उपयोग करून देवयानी दीर्घिकेचा किंवा मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढू पाहणारे हौशी लोक दुर्बीण घेतात, कॅमेरा लावतात आणि मग गाईडस्कोपपाशी अडतात. त्याबद्दल सांगोवांगी पसरलेल्या समजुती पैसे आणि रात्री, दोन्ही वाया घालवतात. त्या एकेक करून तपासू.

आधी त्याचं काम समजून घेऊ. पृथ्वी फिरते म्हणून तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकताना दिसतात (एका अंशात ३६०० विकला असतात). पाच मिनिटांच्या फोटोत हे अंतर सव्वा अंश होतं. दुर्बीण पेलणाऱ्या माउंटची मोटर तिला पृथ्वीच्या उलट दिशेनं फिरवून ते भरून काढते. पण मोटरच्या गिअरचे दाते कधीच पूर्ण निर्दोष नसतात. परवडणाऱ्या माउंटमध्ये दर काही मिनिटांनी कित्येक विकलांची चूक पुन्हा पुन्हा येते. मुख्य दुर्बिणीवर बसवलेला छोटा गाईडस्कोप त्याच्या स्वतंत्र कॅमेऱ्यातून एका ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा जरा हलला, की पीएचडी२ सारखं सॉफ्टवेअर माउंटला दुरुस्तीची आज्ञा देतं.

गैरसमज १ : गाईडस्कोप मुख्य दुर्बिणीइतकाच लांब हवा.

वस्तुस्थिती : हा नियम फिल्मच्या काळातला आहे. तेव्हा माणूस आयपीसला डोळा लावून ताऱ्याला तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा, त्यामुळे वर्धन भरपूर लागायचं. १८८७ मध्ये पॅरिसहून सुरू झालेल्या ‘कार्त द्यू सिएल’ या आकाशनकाशाच्या प्रकल्पात छायाचित्रणाच्या दुर्बिणीला मार्गदर्शनाची दुसरी दुर्बीण जोडलेली असे. हैदराबादची निजामिया वेधशाळाही त्या प्रकल्पात सहभागी होती. आज डोळ्याची जागा कॅमेऱ्यानं घेतली आहे. ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो आणि सॉफ्टवेअर त्याचा मध्य एका पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत अचूक काढतं.

हिशोब करून पाहा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतरानं भागा. उत्तर येतं एका पिक्सेलमागे किती विकला ते. १२० मिमी नाभीय अंतराचा छोटा गाईडस्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा घेतला, तर एक पिक्सेल साधारण ६.४ विकलांचा. त्याचा दहावा भाग ०.६ विकला. ६०० मिमीच्या मुख्य दुर्बिणीवर तशाच कॅमेऱ्याचा पिक्सेल १.३ विकलांचा असतो. म्हणजे हा छोटा गाईडस्कोप त्या दुर्बिणीला पुरेसा आहे. नाभीय अंतर दीड-दोन हजार मिलिमीटर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश वळवून घेणारा ऑफ-ॲक्सिस गाईडर जास्त भरवशाचा.

गैरसमज २ : गाईडस्कोप फाइंडरच्या खाचेत बसला, म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : बहुतेक रात्री इथेच बिघडतात. गाईडस्कोप मुख्य दुर्बिणीच्या तुलनेत स्वतःच वाकला, तर सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ते गाईडचा तारा जागेवर ठेवतं आणि मुख्य दुर्बीण हळूहळू भलतीकडे वळवतं. १५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन कड्यांपैकी एक जरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं हलली, तरी रोख सुमारे १.४ विकलांनी बदलतो. वरच्या उदाहरणात हा एका पिक्सेलहून जास्त झाला. माणसाचा केसही याच्या कितीतरी पट जाड असतो.

म्हणून एकाच ठिकाणी नायलॉनच्या तीन स्क्रूंनी तोललेला गाईडस्कोप लांब फोटोंना चालत नाही. त्याला दोन कड्यांत किंवा सलग धातूच्या पट्टीवर बसवा. फोकस झाला, की फोकसरची कळ आवळा. कॅमेऱ्याची वायर लोंबकळू देऊ नका. ती गाईडस्कोपला आणि मग मुख्य नळीला बांधा, म्हणजे दुर्बीण फिरताना ओढ बसणार नाही.

गैरसमज ३ : गाईडस्कोप मुख्य दुर्बिणीला तंतोतंत समांतर हवा आणि मुख्य दुर्बीण ज्यावर रोखली आहे, तोच तारा त्यात हवा.

वस्तुस्थिती : गाईडस्कोपला फक्त एक चांगला तारा लागतो. वरच्या छोट्या गाईडस्कोपला लहान सेन्सरवरही सुमारे दोन अंशांचं आकाश दिसतं, आणि तेवढ्यात एखादा उपयोगी तारा सहज मिळतो. रोख थोडा वेगळा असला तरी बिघडत नाही. जागा बदलता कामा नये, एवढीच अट.

गैरसमज ४ : गाईडिंग असलं, की पोलर अलाइनमेंट ढोबळ चालते.

वस्तुस्थिती : गाईडिंग एका ताऱ्याला जागेवर ठेवतं. माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला नसेल, तर बाकीचे तारे त्या ताऱ्याभोवती फिरतात आणि फोटोच्या कडेला कमानी उमटतात. ही चूक गाईडस्कोप भरून काढू शकत नाही.

गोंदियात याला विशेष महत्त्व आहे. इथला अक्षांश सुमारे २१.५ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. उत्तरेला आंब्याचं झाड किंवा घर असलं, की तो झाकला जातो. शिवाय ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नसून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, त्यामुळे त्याच्यावर नुसता नेम धरून भागत नाही. उत्तर मोकळी असलेली जागा निवडा. गाईडिंगचं कॅलिब्रेशन (आज्ञेनं तारा किती सरकतो, हे सॉफ्टवेअरनं मोजून घेणं) मात्र दक्षिणेला, खगोलीय विषुववृत्ताजवळ करा. इथून ते मध्यमंडलावर ६८.५ अंश उंच येतं. मृगाच्या बाणातले तीन तारे त्याच्या अगदी लगत आहेत.

गैरसमज ५ : गाईड कॅमेऱ्याचा एक्स्पोजर जितका छोटा, तितकं गाईडिंग चांगलं.

वस्तुस्थिती : अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये वातावरणाची थरथर माउंटची चूक वाटते आणि सॉफ्टवेअर हवेच्या मागे धावतं. साधारण १ ते ३ सेकंदांत थरथर सरासरीत मिटते.

गैरसमज ६ : तारे लांबट आले, म्हणजे गाईडस्कोप कमी पडला.

वस्तुस्थिती : आधी जमीन आणि हवा तपासा. कापणीनंतरही बांधीतली माती ओल धरून असते आणि ट्रायपॉडचा पाय रात्रभर खचत राहतो. प्रत्येक पायाखाली वीट किंवा जाड फळी ठेवा. तलाव आणि बोड्यांच्या या मुलखात दव लवकर पडतं. गाईडस्कोपची काच धुरकटली, की तारा मंद होऊन हरवतो. छोट्या काचेलाही दवाचा हीटर आणि पुढे निघालेली टोपी लागते.

दोष कुठे आहे, हे एका तासात कळतं. डिथरिंग (दोन फोटोंमध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद ठेवून तासभर फोटो घ्या आणि पहिला व शेवटचा शेजारी ठेवा. गाईडिंगचा आलेख शांत असून सगळे तारे एकाच दिशेला सारखे सरकले असतील, तर जोडणी ढिली आहे. एका बिंदूभोवती फिरले असतील, तर पोलर अलाइनमेंट चुकली आहे. आलेखच उसळत असेल, तर वारा, तोल किंवा माउंट पाहा.

जागेबद्दल एक विनंती. नवेगाव-नागझिरा हे व्याघ्र क्षेत्र आहे. रात्री जंगलाच्या कडेला एकट्यानं थांबू नका. ओळखीच्या शेतमालकाची परवानगी घ्या आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवून ठेवा. मोठा गाईडस्कोप विकत घेण्याआधी वरची तासाभराची चाचणी नक्की करा. बहुतेकांना नव्या दुर्बिणीची नाही, चार स्क्रू नीट आवळण्याची गरज असते.