एका शब्दाची गैरहजेरी

आमच्याकडे शनिवारी रात्री चार-पाच जण जमतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलता बोलता गोष्ट पुढे सरकते. पात्राला दरी ओलांडता आली की नाही, हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे नियम मी मराठीत आणत होतो. जानेवारी २०२३ मध्ये ते काम मी अर्ध्यावर सोडलं.

नियमांवर मालकी असते का, हा इथला मूळ प्रश्न. ओवीचा साचा कोणाच्याच मालकीचा नसतो. आज कोणी त्या साच्यात लिहिलेली कविता मात्र त्याची असते. खेळांचंही तसंच आहे. जमाखर्चाच्या एका पुस्तकावरून झालेल्या ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ सालीच सांगितलं की, कॉपीराइट मजकुरावर असतो, त्यात समजावलेल्या पद्धतीवर नाही. पण या खेळाची पुस्तकं जाडजूड असतात. त्यांत मंत्रांची, राक्षसांची वर्णनं असतात. पद्धत कुठे संपते आणि मजकूर कुठे सुरू होतो, हे कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही, आणि कोर्टात जाणं लहान प्रकाशकाला परवडत नाही.

ही भीती २००० साली कमी झाली. खेळ तेव्हा ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे होता. तिथले रायन डॅन्सी यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीवरून धडा घेतला. इतरांनी आपल्या नियमांवर साहसकथा लिहिल्या, तर मूळ नियमपुस्तकच जास्त खपेल, असा त्यांचा हिशेब होता. ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा परवाना निघाला. नियमांचा मोठा भाग कोणीही विनामूल्य वापरावा, बदलावा, भाषांतरित करावा, विकावाही. ‘बिहोल्डर’ या अनेक डोळ्यांच्या राक्षसासारखी काही नावं तेवढी कंपनीने राखून ठेवली.

या परवान्याचं बळ पुढे कंपनीलाच दिसलं. २००८ साली तिने चौथी आवृत्ती जास्त जाचक अटींवर काढली. तेव्हा ‘पायझो’ या प्रकाशनसंस्थेने जुन्या खुल्या नियमांवरून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ उभा केला आणि तो उत्तम चालला.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा त्यात मागितला होता. त्याहून गंभीर म्हणजे, जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ राहणार नव्हता. लोकांनी मूळ परवाना पुन्हा काढून वाचला. त्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता. ‘मागे न घेता येणारा’ हा शब्द नव्हता. मुदत नसणं वेगळं आणि देणाऱ्याला ते परत घेता न येणं वेगळं. तेवीस वर्षं शेकडो लेखक-प्रकाशकांचा संसार या दोहोंमधल्या फटीवर उभा होता. माझं भाषांतरही.

खेळाडू भडकले. अनेकांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली. अखेर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुले केले. या परवान्यात तो हरवलेला शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. शिवाय परवान्याचा मजकूर एका वेगळ्या, ना-नफा संस्थेच्या हाती आहे. खेळाच्या मालकाला तो बदलता येत नाही. त्याच वर्षी पायझोच्या पुढाकाराने ‘ओआरसी’ हा कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेला परवानाही आला.

या घडामोडींत मला उदारतेपेक्षा मालकीचं गणित जास्त दिसतं. मनात आलं म्हणून उघडलेलं दार मनात आलं की बंदही होतं. सार्वजनिक विहिरीचं पाणी भरायचं, तर विहीर कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हे आधी पाहिलेलं बरं.

माझी वही मी पुन्हा उघडली आहे. पहिल्या पानावर मूळ नियम कोणाचे, परवाना कोणता आणि मी काय बदललं, हे लिहिलंय. अट एवढीच आहे.