प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचे?

'प्रायश्चित्त' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. कोणाच्या तरी हातून दोष घडलेला असतो. शास्त्रीमंडळी पोथी उघडून त्या दोषाची इयत्ता ठरवितात. मग उपवास, पंचगव्यप्राशन, दान, तीर्थस्नान यांपैकी जे सांगितले असेल ते करून तो मनुष्य पुन्हा पंक्तीला बसावयास मोकळा होतो. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय 'प्रायश्चित्ताध्याय' या नावानेच ओळखला जातो. आणि हे सारे पोथीतच राहिले असेही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही ते घ्यावे लागले.

गंमत अशी की, ज्या धर्माच्या अंगणात चहा घेतल्याबद्दल हे प्रायश्चित्त, त्या धर्माच्या मराठी बायबलातही 'प्रायश्चित्त' हाच शब्द आहे. मात्र तेथे वाक्याचा कर्ता बदललेला आहे! आपल्याकडे दोषी मनुष्य प्रायश्चित्त घेतो. ख्रिस्ती मतानुसार ज्याचा अपराध झाला तो देवच ते करतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला हा विषय निघाला की शब्द ओळखीचा असल्यामुळे विद्यार्थी अर्थही ओळखीचाच धरून चालतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या कल्पनेचे मूळ यहुदी धर्मात आहे. बायबलातील लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात 'योम किप्पूर' म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिलेला आहे. त्या दिवशी दोन बकरे आणीत. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त महायाजक मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात शिंपडी. वर्षातून त्या एकाच दिवशी त्याला तेथे प्रवेश असे. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून तो साऱ्या लोकांची पापे कबूल करी आणि त्या बकऱ्याला रानात हाकलून देत. हे वाचून आपल्याला वाटते, कोपलेल्या दैवताला शांत करण्याचाच हा प्रकार. पण त्याच ग्रंथाच्या पुढच्या अध्यायात एक बारकावा आहे. वेदीवरचे रक्त माणसांनी देवाला दिलेले नाही. प्रायश्चित्तासाठी ते मीच तुम्हांला दिले आहे, अशा आशयाचे देवाचे म्हणणे तेथे आहे. म्हणजे साधनसुद्धा देवाकडूनच आले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि बळी थांबले, तरी उपवास राहिला. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळी या दिवशी घराची दारे लावून घेऊन उपवास करीत असत.

संत पौलाने या कल्पनेला दुसऱ्या एका शब्दाची जोड दिली. 'कातालागे' हा तो ग्रीक शब्द. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल, आणि त्यावरून शत्रुत्व जाऊन मैत्री येणे. तो काही खास देवघरातला शब्द नव्हे. नवऱ्यापासून दुरावलेल्या बायकोने पुन्हा त्याच्याशी जुळवून घ्यावे, असे सांगतानाही पौल त्याच शब्दाचे क्रियापद वापरतो. मराठी बायबलात त्यासाठी 'समेट' हा शब्द आला आहे, आणि तो मला फार समर्पक वाटतो. त्याला भाऊबंदकीचा आणि कोर्टकचेरीचा वास आहे. पौलाच्या आधीच्या 'मक्काबी' या ग्रंथात हीच क्रिया देवाविषयी सांगितली आहे, पण उलट दिशेने. लोक प्रार्थना करतात, हाल सोसतात, आणि मग देवाचा राग जाऊन तो त्यांच्याशी समेट करतो. पौलाने वाक्य फिरविले. त्याच्या लेखी रुसलेला देव नाही, रुसलेला मनुष्य आहे, आणि समजूत काढावयास देव निघाला आहे. सगळ्या सिद्धान्ताचे मर्म मला या व्याकरणातच दिसते.

परंतु क्रुसावरील एका मरणाने हा समेट घडतो तो कसा? याचे अधिकृत उत्तर चौथ्या शतकातील निकेयाच्या मतांगीकारातही नाही. ख्रिस्त आमच्याकरिता क्रुसावर गेला, एवढेच तो सांगतो. त्यामुळे निरनिराळ्या काळच्या पंडितांनी आपापल्या समाजातील दाखल्यांनी उत्तरे दिली. गुलामांच्या बाजारपेठा पाहिलेल्या जुन्या लेखकांनी ती सैतानाला दिलेली खंडणी मानली. न्यिस्साच्या ग्रेगरीने तर गळाला आमिष लावून मासा पकडावा तसा सैतान फसला, असा दृष्टान्त दिला. त्याच्याच समकालीन नाझियान्झसच्या ग्रेगरीने विचारले की, चोराला खंडणी कसली द्यावयाची? प्रश्न बिनतोड होता.

पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने 'देव मनुष्य का झाला' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. तो १०९८ मध्ये पूर्ण झाला. सरंजामशाहीत धन्याचा मान मोडला तर भरपाई द्यावी लागे. मनुष्याने देवाचा मान मोडला. भरपाई देणे आहे मनुष्याला, पण तेवढी ऐपत आहे ती फक्त देवाची. म्हणून देवाला मनुष्य व्हावे लागले. अँसेल्मचा देव म्हणजे मानापमान सांभाळणारा जमीनदार, अशी थट्टा पुष्कळ होते. ती मला अन्यायाची वाटते, कारण अँसेल्मच्या मते भरपाई आणि शिक्षा हे दोन वेगळे पर्याय होते, आणि ख्रिस्ताने दिली ती भरपाई. ख्रिस्ताला आपल्या जागी शिक्षा झाली, हा विचार ठळक झाला तो सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनच्या हातून. अँसेल्मनंतर लवकरच आलेल्या आबेलारचे म्हणणे अगदी निराळे पडले. ते प्रेम पाहून मनुष्याचेच मन पालटते, हे खरे तारण, असे तो म्हणे. हे वाचावयास गोड आहे. पण नुसते मन पालटण्याने झालेल्या नुकसानीचे काय, हे त्यात नीटसे कळत नाही.

आपल्याकडे 'करावे तसे भरावे' हा न्याय हाडीमासी भिनलेला असल्याने एकाचे पाप दुसऱ्याने फेडावे हे पटत नाही. आपणच असे म्हणतो असे नव्हे. पापाचे ऋण पैशाच्या कर्जासारखे दुसऱ्याच्या नावावर चढविता येत नाही, असे खुद्द कांटने १७९३ च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात बजावले आहे. आणि ख्रिस्त हा वाटेवरून धरून आणलेला कोणी निरपराध तिसरा मनुष्य असेल, तर हा सारा सिद्धान्त अन्यायाचाच ठरेल. तो टिकतो तो एकाच अटीवर, की सोसणारा आणि ज्याचा अपराध झाला तो, दोघे एकच आहेत. क्षमेचा व्यवहार पाहिला तर यात वावगे काही नाही. एखाद्याने पाच हजारांचे कर्ज सोडून दिले तर कागद फाटतो, पण ते पाच हजार कोणाच्या तरी खिशातून गेलेलेच असतात, आणि तो खिसा सावकाराचा असतो. क्षमा फुकट नसते. तिची किंमत क्षमा करणारा मोजतो. ही अवताराची अट मान्य करावयाची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण ती वगळून या सिद्धान्ताची स्तुती किंवा निंदा करण्यात अर्थ नाही.

यातूनच एक अवघड प्रश्न निघतो. किंमत ज्याचे नुकसान झाले तो मोजतो, तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला क्षमा करता येईल काय? यहुद्यांच्या 'मिश्ना' या धर्मग्रंथाने याला चोख उत्तर दिले आहे. शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्याची समजूत घातल्यावाचून प्रायश्चित्ताचा दिवस उपयोगी पडत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९६ साली आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली 'सत्य व समेट आयोगा'पुढे सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा हाच प्रश्न न्यायालयात गेला. वर्णद्वेषाच्या राजवटीत राजकीय हेतूने केलेला गुन्हा जो संपूर्ण उघड करील त्याला माफी मिळणार होती. पश्चात्ताप ही अट नव्हती. पोलीस कोठडीत १९७७ साली मरण आलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी इतर काही जणांबरोबर याला आव्हान दिले. आमचा दावा लावण्याचा हक्क राज्याने परस्पर कसा काढून घेतला, अशी त्यांची तक्रार होती. घटनात्मक न्यायालयाने ती १९९६ मध्ये फेटाळली. १९९९ साली मात्र बिको प्रकरणातील पोलिसांचे माफीचे अर्ज नामंजूर झाले. खरी हकीकत त्यांनी पुरती सांगितलेली नाही, असे माफी समितीचे मत पडले.