जुना बॅकअप हार्ड डिस्कवरून नॅसवर नेताय? आधी उघडून बघा, मग पुसा



मागच्या व्हिडिओत आपण छोट्या ऑफिससाठी नॅस, म्हणजे नेटवर्कवर जोडलेलं स्टोरेज, कसं निवडायचं ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. "सर, नॅस तर घेतला. पण एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पाच-सहा वर्षांचा बॅकअप पडलाय. तो सरळ कॉपी-पेस्ट मारू का?"

उत्तर देण्याआधी एक किस्सा सांगतो.

आमच्या बॅचमध्ये एक दादा होते. सांगलीकडे त्यांचं हार्डवेअरचं दुकान. नवीन नॅस आला तसा शनिवारी रात्री दुकान बंद करताना त्यांनी हार्ड डिस्क जोडली, सगळे फोल्डर सिलेक्ट करून नॅसवर ओढले आणि घरी गेले. सकाळी येऊन बघतात तर स्क्रीनवर मेसेज, काही फाइल कॉपी होत नाहीत, स्किप करायच्या का? दादांनी स्किप दाबलं. बाकी सगळं जागेवर दिसत होतं. फोल्डर होते, वर्षांची नावं होती. मग डिस्क फॉर्मॅट केली आणि मुलीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी देऊन टाकली.

मे २०२४ मध्ये २०१९-२० या वर्षाबद्दल जीएसटीची नोटीस आली. सीए म्हणाले, त्या वर्षाचा टॅलीचा डेटा काढा. दादांनी नॅसवरचा फोल्डर उघडला. फोल्डर होता, आत टॅलीची बॅकअप फाइलच नव्हती. स्किप झालेल्या फाइलमध्ये नेमकी तीच होती. पुढचे तीन आठवडे माळ्यावरची गोणी काढून बिलं शोधणं, बँक स्टेटमेंट समोर ठेवून पुन्हा एंट्री मारणं, हेच चाललं होतं.

म्हणून आजची गोष्ट एकच, ती लक्षात ठेवा. कॉपी झाली म्हणजे बॅकअप हलला असं नाही. नव्या जागेवरून डेटा परत आणून उघडला, की मग हलला. तोपर्यंत जुनी डिस्क हीच तुमची खरी प्रत.

हे किती वर्षं सांभाळायचं?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०१९-२० चं वार्षिक रिटर्न भरायची वाढवलेली मुदत ३१ मार्च २०२१ होती. म्हणजे त्या वर्षाचा डेटा मार्च २०२७ पर्यंत हाताशी हवा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त काळ. तेव्हा "जुनं आहे, कोण विचारतंय" असं म्हणून काही उडवू नका.

पायरी १ : डिस्कवर नेमकं काय आहे ते बघा

आपण सगळ्यालाच "बॅकअप" म्हणतो, पण त्यात निदान तीन प्रकार असतात. तिघांना हलवायची पद्धत वेगळी आहे.

*साध्या फाइल.* एक्सेल, पीडीएफ बिलं, फोटो, स्कॅन. या जशाच्या तशा कॉपी करता येतात.

*टॅलीसारख्या सॉफ्टवेअरच्या बॅकअप फाइल.* यासुद्धा कॉपी होतात, पण नाव सांभाळा. टॅली ईआरपी ९ मध्ये बॅकअप फाइलचं नाव दर वेळी तेच असायचं. त्यामुळे पाच वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाच फाइल तुम्ही नॅसवर एकाच फोल्डरमध्ये टाकल्या, की एकमेकींच्या डोक्यावर बसणार आणि शेवटची तेवढी उरणार. वर्ष आणि तारखेप्रमाणे असलेले फोल्डर मोडू नका.

*बॅकअप सॉफ्टवेअरने बनवलेले संच.* अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, रोजचा वाढीव बॅकअप वगैरे. यात पहिली फाइल पूर्ण असते आणि पुढच्या फाइलमध्ये फक्त झालेला बदल असतो. साखळीच म्हणा ना. मधली एक कडी राहिली तर तिच्या पुढचं काहीच उघडत नाही. म्हणून हा संच पूर्णच न्यायचा, आणि एकाही फाइलचं नाव बदलायचं नाही.

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून काढा: फोल्डरचं नाव, कोणता प्रकार, किती जीबी, किती फाइल. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की आकडे मिळतात. ही यादी पुढे कामाला येणार आहे.

पायरी २ : कॉपीआधीची तयारी

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, मध्येच गायब होत असेल, तर कॉपीचा हट्ट धरू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर रात्रभर कॉपी चालवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

डिस्क ठणठणीत असेल तर चार गोष्टी बघा. नॅस आणि कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या, कारण आपल्याकडची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद करा. नॅसवर किती जागा रिकामी आहे ते बघा आणि जुन्या बॅकअपच्या निदान दुप्पट जागा ठेवा, कारण नवे बॅकअपही तिथेच येणार आहेत. आणि वायफायवर काम करू नका, केबल लावा.

केबलवर इतका जोर का, त्याचा हिशोब बघा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी वेग मिळतो. म्हणजे १ टीबी डेटा अडीच तासांत जाईल. पण ऑफिसमधला स्विच जुना, १०० एमबीपीएसचा असेल, तर वेग ११ एमबीवर येतो आणि त्याच कामाला २५ तास लागतात. लाखभर छोट्या फाइल असतील तर याहूनही जास्त. तेव्हा दुपारी चारला सुरू करून सहाला दुकान बंद करायचा बेत आखू नका. शनिवार संध्याकाळ उत्तम.

पायरी ३ : कॉपी करण्याचे दोन मार्ग

*पहिला मार्ग : डिस्क सरळ नॅसला जोडा.* बहुतेक नॅसला यूएसबी पोर्ट असतो. डिस्क तिथे लावा, नॅसच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमधून कॉपी द्या. कॉम्प्युटर मध्ये नसल्यामुळे तो मोकळा राहतो. फक्त डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली असेल तर सहसा नॅसला ती वाचता येत नाही. तिथे दुसरा मार्ग धरा.

*दुसरा मार्ग : कॉम्प्युटरवरून रोबोकॉपी.* ही विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली कमांड आहे, काही विकत घ्यायचं नाही. माउसने ओढण्यापेक्षा ती बरी, कारण काय गेलं आणि काय राहिलं याचा लेखी हिशोब देते. आधी डिस्कचा पत्ता, मग नॅसचा पत्ता, मग काही स्विच. "स्लॅश ई" म्हणजे आतले सगळे फोल्डर घे. "स्लॅश झेड" म्हणजे नेटवर्क तुटलं तर होतं तिथून पुढे चालू कर. "स्लॅश आर" ला ३ आणि "स्लॅश डब्ल्यू" ला ५ द्या. म्हणजे अडलेल्या फाइलवर पाच-पाच सेकंद थांबून तीनदाच प्रयत्न होईल. हे दिलं नाही तर रोबोकॉपी एका खराब फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते, खरंच! आणि "लॉग" चा स्विच देऊन हिशोब एका फाइलमध्ये लिहून घ्या.

एक धोक्याची सूचना. इंटरनेटवर "स्लॅश मिर" वापरा असं बरेच जण सांगतात. तो स्विच नॅसची बाजू डिस्कसारखी हुबेहूब करतो, म्हणजे डिस्कवर नसलेलं नॅसवरचं पुसूनही टाकतो. आणि घाईत दोन पत्ते उलटे लिहिले गेले तर रिकामा नॅस बघून तुमची भरलेली डिस्क रिकामी होईल. या कामासाठी त्याची गरजच नाही. वापरू नका.

आणि हो, कॉपी म्हणजे कॉपी. कट-पेस्ट अजिबात नाही.

पायरी ४ : तपासणी, आजचं खरं काम

आधी लॉग उघडा. शेवटी एक तक्ता असतो, त्यात फेल्डचा रकाना बघा. तिथे शून्य हवा. शून्य नसेल तर वर स्क्रोल करून त्या फाइलची नावं काढा आणि एकेकीचा निकाल लावा. पहिल्या मार्गाने कॉपी केली असेल तर लॉग नसेल, पण पुढची तपासणी चुकवू नका.

मग पहिल्या पायरीची यादी घ्या आणि प्रत्येक फोल्डरचे आकडे नॅसवर जुळवा. फाइलची संख्या आणि बाइट्समधला आकार, दोन्ही जुळले पाहिजेत.

ज्या फाइलवर धंदा उभा आहे, म्हणजे टॅलीचे वार्षिक बॅकअप आणि सिस्टिमची इमेज, त्यांच्यासाठी अजून एक पायरी. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड दोन्हीकडच्या फाइलवर चालवा. ती ६४ अक्षरांची एक खूण देते, फाइलचा अंगठाच समजा. दोन्ही खुणा सारख्या, तर फाइल तंतोतंत सारखी.

शेवटी उघडून बघा. प्रत्येक वर्षाचा टॅली बॅकअप नॅसवरून रिस्टोअर करा, पण वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू कंपनीच्या फोल्डरवर रिस्टोअर केलंत तर आजचा डेटा जाऊन जुना बसेल! रिस्टोअर झालं की त्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स काढा आणि सीएकडच्या प्रतीशी जुळवा. जुळला? मग तो बॅकअप हलला. वहीत टिक करा.

पायरी ५ : रोजच्या बॅकअपला नवा पत्ता द्या

इथे बरेच जण फसतात. जुने बॅकअप नॅसवर गेले, पण सॉफ्टवेअर अजून जुन्या डिस्ककडेच बघत असतं. डिस्क काढली की रोजचा बॅकअप गपचूप बंद पडतो.

विंडोजची फाइल हिस्ट्री वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलमधून सिलेक्ट ड्राइव्हमध्ये जा आणि नेटवर्कची जागा जोडा. जुन्या फाइल नव्या जागी न्यायच्या का, असं ती स्वतःच विचारते. तेव्हा जुनी डिस्क जोडलेली असू द्या.

विंडोजच्या जुन्या बॅकअप अँड रिस्टोअरमधून घेतलेली सिस्टिम इमेज असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इमेजचा फोल्डर नॅसच्या शेअरमध्ये सगळ्यात वर ठेवा, दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही, नाहीतर रिस्टोअरच्या वेळी सापडत नाही. आणि नेटवर्कच्या जागेवर ही सोय फक्त शेवटची इमेज ठेवते. नवीन इमेज घेतली की आधीची गेली.

बाकी कोणतंही बॅकअप सॉफ्टवेअर असो, माझा सल्ला एकच. जुनी साखळी नॅसवर नुसती जपून ठेवा, तिला पुढे जोडत बसू नका. नॅसवर पहिल्या दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्या आणि तिथून नवी साखळी सुरू करा. मॅकवाल्यांनीही टाइम मशीनचा बॅकअप ओढून न्यायच्या भानगडीत पडू नये. नॅसवर नवा सुरू करा, जुनी डिस्क कपाटात ठेवा.

पायरी ६ : नॅसला कुलूप लावा

एक्स्टर्नल डिस्कचा एक मोठा गुण होता. काम झालं की आपण ती काढून ठेवायचो. नॅस चोवीस तास जोडलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि नॅस तिथे ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर तो बॅकअपही लॉक करून टाकतो.

म्हणून बॅकअपसाठी नॅसवर वेगळा युजर बनवा आणि त्याचा पासवर्ड फक्त बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये भरा. रोज काम करणाऱ्या स्टाफच्या लॉगिनला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी देऊ नका. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर चालू करा. आणि घरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने नेमके असेच, इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठले होते.

पायरी ७ : जुन्या डिस्कचं काय?

"नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे, मग जुनी कशाला?" असं विचाराल. दोन डिस्क तुम्हाला डिस्क बिघडण्यापासून वाचवतात. चुकून डिलीट झालं, आग लागली, पुराचं पाणी दुकानात शिरलं, तर दोन्हीवरचं एकदमच जातं. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून डिस्क फॉर्मॅट करू नका, कुणाला देऊ नका. तारखेचं लेबल लावा आणि घरी कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी आणून नॅसवरचे नवे बॅकअप तिच्यावर घ्या, परत घरी न्या. कॉम्प्युटरवर एक, नॅसवर एक आणि घरी एक, अशा तीन प्रती झाल्या, त्यातली एक दुकानाबाहेर.

सांगलीचे दादा आता हेच करतात. मुलीला त्यांनी नवी डिस्क घेऊन दिली.

या रविवारी एवढंच करा: पहिल्या पायरीची यादी बनवा आणि २०१९-२० चा बॅकअप एकदा उघडून बघा. उघडला तर छान. नाही उघडला तर आज कळलेलं बरं, नोटीस आल्यावर कळण्यापेक्षा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, बॅकअप घ्या!