परावलंबी विषाणू व त्यांचे साहाय्यक

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, रावेर व यावल हे तालुके केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील बागांत पावसाळी हवेत कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पाने आखूड व विकृत होतात आणि रोग बळावल्यास पोंगा सडतो. शेतकरी ज्यास ‘हरण्या’ म्हणतात, तोच हा रोग. त्याचे कारण कुकुंबर मोझॅक विषाणू हे होय. हा विषाणू 1916 साली अमेरिकेत काकडीवर प्रथम वर्णिला गेला. आपल्या प्रतिकृती करण्यास त्याला दुसऱ्या विषाणूची गरज नसते. तथापि तो स्वतः मात्र दुसऱ्या एका परावलंबी घटकाचा आश्रयदाता होऊ शकतो.

प्रत्येक विषाणू यजमान पेशीवर अवलंबून असतो. काही घटकांना मात्र यजमान पेशीही पुरेशी होत नाही; त्याच पेशीत दुसरा, विशिष्ट विषाणू उपस्थित असावा लागतो. त्यास साहाय्यक विषाणू म्हणतात. हे अवलंबन सर्वत्र एकाच प्रकारचे नसते. तंबाखूच्या नेक्रोसिस विषाणूचा उपग्रह-विषाणू स्वतःचे आवरण-प्रथिन निर्माण करतो, परंतु प्रतिकृतीसाठी त्याला साहाय्यकाचे विकर लागते. या संबंधाचे विवेचन कासानिस यांनी 1962 साली केले. उलट, 1977 साली रिझेत्तो यांनी उजेडात आणलेला यकृतदाहाचा डेल्टा विषाणू आपल्या प्रतिकृती यजमान पेशीच्याच विकरांकडून करवून घेतो, पण त्याचे बाह्य आवरण ‘ब’ यकृतदाहाच्या विषाणूचे असते. कुकुंबर मोझॅक विषाणूचा उपग्रह-आरएनए हा या दोहोंहून अधिक परावलंबी आहे. त्याची लांबी सुमारे 330 ते 400 न्यूक्लिओटाइड, तर साहाय्यकाच्या तीन जनुकीय खंडांची मिळून सुमारे 8,600. इतका लहान घटक कोणतेही उपयुक्त प्रथिन निर्माण करीत नाही. विकर व आवरण ही दोन्ही त्याला साहाय्यकाकडूनच घ्यावी लागतात.

असा आश्रित निरुपद्रवी असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा तो साहाय्यकाच्याच विकराचा वाटा घेऊन त्याची वाढ रोखतो व रोगाची लक्षणे सौम्य करतो. तथापि 1972 साली फ्रान्समधील आल्सास प्रांतात टोमॅटोची झाडे करपून मेली, आणि तो प्राणघातक परिणाम उपग्रह-आरएनएमुळे झाल्याचे केपर व वॉटरवर्थ यांनी 1977 साली दाखविले. म्हणजे साहाय्यक तोच असूनही उपग्रहाच्या भेदानुसार रोगाचे स्वरूप पालटते. यावरून केवळ लक्षणांची तीव्रता पाहून विषाणूचा प्रकार ठरविणे धोक्याचे आहे, हे उघड होते.

सौम्य उपग्रहाचा पिकाच्या संरक्षणासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न चीनमध्ये टोमॅटो व मिरचीवर झाले. परंतु सौम्य व घातक उपग्रहांत मोजक्याच न्यूक्लिओटाइडांचा फरक असू शकतो, आणि असा बदल आपोआप घडल्याचेही आढळले आहे. म्हणून हा उपाय नित्याचा मानता येत नाही.

तेव्हा खरी उपाययोजना साहाय्यकाविरुद्धच असावयास हवी. ‘ब’ यकृतदाहाची लस डेल्टापासूनही रक्षण करते, ते याच तत्त्वाने. केळीच्या बागेतही तेच लागू पडते. हा विषाणू एक हजाराहून अधिक वनस्पतिजातींत आढळतो. काकडीवर्गीय वेली त्यांपैकीच. कापसावर वाढणारा मावा त्याचा वाहक असून, रोगट झाडावर क्षणभर सोंड टोचताच तो विषाणू घेतो व दुसऱ्या झाडास तितक्याच त्वरेने देतो. कीटकनाशकाने मावा मरण्यापूर्वीच संसर्ग होऊन जातो, म्हणून केवळ फवारणीवर विसंबता येत नाही. विषाणूमुक्त ऊतीसंवर्धित रोपे वापरणे, रोगट झाडे लक्षणे दिसताच उपटून नष्ट करणे आणि बागेत व बांधावर काकडीवर्गीय पिके व तणे न ठेवणे हेच मुख्य उपाय होत. साहाय्यकाचे ठाणे उठले म्हणजे त्याच्या आश्रितासही थारा उरत नाही.