साहेबांवर कारवाई झाली का? विचारता येते

सरकारी कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार केली, चौकशी लागली, वर्ष उलटले. पुढे काय झाले म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर दोन ओळींचे उत्तर येते: सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. बहुतेक अर्जदार इथेच थांबतात. कार्यालयाचेही काम भागते.

गैरसमज: सर्वोच्च न्यायालयानेच अशी माहिती द्यायला बंदी घातली आहे.

बोट दाखवले जाते ते गिरीश देशपांडे प्रकरणाकडे. निकाल ३ ऑक्टोबर २०१२ चा. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याविषयी अर्जदाराने सगळेच मागितले होते: पगार, मालमत्ता, ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, अगदी मुलाच्या लग्नातल्या भेटवस्तूसुद्धा. नोटिसा आणि शिक्षा ही कर्मचारी व त्याचे कार्यालय यांच्यातली बाब, म्हणून ती वैयक्तिक माहिती, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. या अर्जदाराने ते दाखवून दिले नाही. नकाराच्या पत्रांत निकालाचा पहिला भाग हमखास असतो, दुसरा क्वचितच. २०१९ मध्ये सुभाषचंद्र अगरवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिस्तभंगाची कारवाई वैयक्तिक माहितीतच धरली, पण जनहित आणि खासगीपणा प्रत्येक प्रकरणात तोलून पाहायला सांगितले.

माझ्या मते २०१२ चा निकाल अपुराच आहे. जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते कोणाही नागरिकाला नाकारू नये, अशी ओळ तेव्हा कायद्यातच होती. तिची छाननी त्या निकालात झालेली नाही.

गैरसमज: डेटा संरक्षण कायद्याने उरलासुरला मार्गही संपवला.

यात अर्धे खरे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, पण त्याने माहिती अधिकारात केलेला बदल लागू झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये. विधिमंडळाची ती ओळ गेली. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हा निकषही ८(१)(ञ) मधून गेला. 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की पुरे, अशी सोय झाली. नागरिकाचे नुकसान झाले, यात शंका नाही. मात्र कलम ८(२) तसेच आहे: माहिती उघड करण्यातले जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर ती देता येते. म्हणून आता अर्जाची भाषा महत्त्वाची. 'अमुक यांच्यावरील सर्व नोटिसांच्या प्रती द्या' असे मोघम मागितले की नकार ठरलेला. त्याऐवजी कोणत्या कामातला अपहार, किती सरकारी पैसा, कोणत्या तारखेची तक्रार, हे मांडून चौकशी अहवाल, अंतिम आदेश आणि वसूल झालेली रक्कम मागावी. ८(२) चा उल्लेख अर्जातच करावा आणि अपिलातही. घरचा पत्ता वगैरे झाकून उरलेला कागद द्यायची सोय कलम १० मध्ये आहेच.

गैरसमज: चौकशी चालू आहे किंवा संबंधिताची हरकत आहे, म्हणजे विषय संपला.

नुसती चौकशी चालू असणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे कार्यालयाने सांगायला हवे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात हे स्पष्ट केले. त्रयस्थ पक्षाला, म्हणजे इथे त्या कर्मचाऱ्याला, म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात. नकाराधिकार मिळत नाही. निर्णय जनमाहिती अधिकाऱ्याचाच.

गैरसमज: निलंबित झाला, म्हणजे शिक्षा झाली.

वर्तमानपत्रांतले मथळेही हा घोळ वाढवतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे निलंबन ही शिक्षाच नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि माणूस पुन्हा रुजूही होऊ शकतो. शिक्षा वेगळ्या: ठपका, वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, बडतर्फी. त्यामुळे 'निलंबन झाले का' एवढेच विचारून भागत नाही. विभागीय चौकशीचा शेवट कशात झाला ते विचारावे लागते.

गैरसमज: माहिती अधिकाराशिवाय दुसरा मार्ग नाही.

लाच घेताना पकडलेल्या माणसाचे प्रकरण फौजदारी असते. एफआयआर सहसा चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. खटल्याच्या तारखा ई-कोर्टवर दिसतात.

शिवाय आहे 'मॅट', म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. शिक्षा झालेला राज्य सरकारी कर्मचारी दाद मागायला तिथे जातो, आणि न्यायाधिकरणाच्या निकालपत्रात त्याच्यावरचे दोषारोप, चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष, शिक्षेची तारीख सारे सविस्तर येते. ही निकालपत्रे संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. विभागाने वैयक्तिक म्हणून नाकारलेली गोष्ट तिथे नावानिशी छापलेली सापडू शकते. अडचण एवढीच की ठपका मुकाट्याने स्वीकारणारा मॅटमध्ये जात नाही. त्याच्यापुरता ८(२) चाच अर्ज करावा लागतो.