सांडपाण्यातील स्फुरद आणि थरांची खनिजे

शेतकऱ्याच्या घराला ‘स्फुरद’ हा शब्द नवा नाही. सुपर फॉस्फेटचे किंवा डीएपीचे पोते फोडून आपण पिकाला जे देतो त्यातले मुख्य द्रव्य हेच. त्याच्या शोधाची हकिगत मौजेची आहे. 1669 साली हॅम्बर्गच्या हेनिग ब्रांटने सोन्याच्या आशेने मूत्र आटवले. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा फॉस्फरस मात्र हाती आला. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट वर्गात रंगवून सांगतो. परंतु तिचा उत्तरार्ध रोज आपल्या गटारांतून वाहत असतो. प्रौढ माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. तीनशे माणसांच्या वस्तीचा हिशेब वर्षाला दीडशे किलोंच्या पुढे जातो.

शेतात जे खत, तेच तलावात अनर्थ करते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 1973 साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र सोडले. स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला. असे शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. दुर्गंधी सोसावी लागते ती काठावरच्या वस्तीला, आणि अशा काठावर कोणाच्या वस्त्या असतात हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत घाण कुजवून काढली जाते. विरघळलेला फॉस्फेट मात्र बराचसा तसाच पुढे जातो. तुरटीच्या जातीचे किंवा लोहाचे क्षार घालून तो गाळात बसवता येतो, पण गाळाचा ढीग वाढतो. म्हणून संशोधक अधिशोषणाकडे वळले. स्पंज पाणी आपल्या अंगात घेतो, ते शोषण. एखादे द्रव्य कणांच्या पृष्ठभागावर चिकटून राहते, ते अधिशोषण. जेवढा पृष्ठभाग अधिक, तेवढी जागा अधिक. भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेली खनिजे येथे उपयोगी पडतात ती यामुळेच.

मात्र एक अडचण आहे. साध्या चिकणमातीच्या थरांवर ऋणभार असतो आणि पाण्यातील फॉस्फेटही ऋणभारितच. समान भार एकमेकांना दूर लोटतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात यावर तोड काढली. बेंटोनाइट मातीच्या थरांमध्ये त्यांनी लॅन्थॅनम या धातूचे धनभारित आयन बसवले. लॅन्थॅनम फॉस्फेटला असा धरतो की तो सहजासहजी सुटत नाही. तलावाच्या तळाशी ही माती पसरली की गाळातून वर येणारा स्फुरदही तेथेच अडतो.

दुसरे खनिज हायड्रोटॅल्साइट. हे मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम यांचे. याचे थर मुळातच धनभारित असतात. दोन थरांमधील फटीत कार्बोनेट बसलेला असतो आणि तो आपली जागा सहजी सोडत नाही. खनिज सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कार्बोनेट निघून जातो व थर मोडतात. मग ते पाण्यात टाकले असता थर पुन्हा जुळतात आणि जुळताना पाण्यातील फॉस्फेट आत ओढून घेतात. पुढे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतल्यास फॉस्फेट बराचसा बाहेर येतो. त्यात चुन्याचा अंश मिसळला की खताच्या कामाचा साका खाली बसतो.

आम्हांला हा दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. पहिल्यात स्फुरद कायमचा गाडला जातो, दुसऱ्यात तो परत हाती येतो. आणि रॉक फॉस्फेटसाठी आपला देश मुख्यतः आयातीवर विसंबून आहे. अर्थात अडथळे आहेत. सांडपाण्यातील कार्बोनेट आणि सल्फेट त्याच जागेसाठी भांडतात. खनिजाची बारीक पूड पाण्यातून वेगळी करणे जिकिरीचे असते. भट्टीच्या इंधनाचा खर्च निराळाच.

म्हणून ही खनिजे शोभतात ती मोठ्या शुद्धीकरण केंद्राच्या शेवटच्या टप्प्यावर, पाणी नदीत किंवा तलावात सोडण्यापूर्वी. लहान वसतिगृहाने त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. न्हाणीचे व भांडी धुतलेले पाणी नाल्यात न सोडता परसबागेत, केळी-अळूच्या वाफ्यांत वळवले तर माती स्वतःच बराच स्फुरद धरून ठेवते. कोकणातील जांभ्या जमिनीतले लोह आणि अॅल्युमिनियम तर तो इतका घट्ट धरतात, की तेथील शेतकऱ्याला पिकाला तो मिळावा म्हणून वेगळे प्रयत्न करावे लागतात.